धाकटी म्हणे मी!

मी एक एमपीथ्री फाईल बोलतेय. आकाराने एवढीशी. कुणी नंतर कापून लहान केलेली नाही हं, जन्मतःच अशी. ज्या छोट्या रेकॉर्डरमध्ये मी जन्मले, तो आवाज घेतानाच दाबून बसवायचा आणि कानाला ज्यांची उणीव भासणार नाही असे बारीकसारीक आवाज गाळून टाकायचा.

माझ्यात एका मावशीचा आवाज आहे. ती मोठ्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. तिच्या भाचीने रेकॉर्डर तिथेच, कामाच्या टेबलावर ठेवला.

"चालू झालं का गं ते?"

"झालं. बोल तू."

"हात थांबवून बोलू की काय? मुकादम उरलेल्या चादरी तुझ्या गळ्यात मारेल."

म्हणून ती काम करता करता बोलली. इस्त्रीचं यंत्र दाबलं की फुस्सकन वाफ सुटायची आणि दुसरं काही ऐकू यायचं नाही. तिथल्या सगळ्या बायका वाफ सुटली की गप्प व्हायच्या आणि संपली की वाक्य तिथूनच पुढे न्यायच्या.

भाचीने मला एका संग्रहालयात दिलं. साध्यासुध्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात जपायचं काम तिथे चालतं. तिथले साहेब म्हणाले, "दाबलेली फाईल आपण ठेवत नाही. मोठी करून घ्या."

तंत्रज्ञ ताईंनी माझ्यापासून एक वेव्ह फाईल, म्हणजे न दाबलेली प्रत, बनवली. माझ्या दहापट मोठी! शब्द एकही जास्त नाही, नुसती ऐसपैस. साहेबांच्या सांगण्यावरून तिच्यातला मागचा गोंगाटही पुसून काढला. माझ्या पोटची पोर, आणि सगळे तिलाच थोरली म्हणू लागले.

तिला क्रमांक मिळाला. तिच्या प्रती तीन वेगळ्या ठिकाणी ठेवल्या. ती शाबूत आहे ना हे बघायला एक यंत्र वरचेवर फेरी मारायचं. माझ्या दारावरून जायचं, पण आत डोकावायचं नाही. मी 'तात्पुरतं' नावाच्या फोल्डरमध्ये पडून. पाहुणे आले की थोरलीचाच मान. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा थोरलीला ऐकताना साहेब म्हणाले, "बाई फार अडखळतात. विसरत असाव्यात." मावशीसाठी मला वाईट वाटायला हवं होतं. मला तर उकळ्या फुटल्या! बरं झालं, थोरलीला कुणीतरी नावं ठेवली.

मग एका सकाळी साहेब म्हणाले, "ती धाकटी पुसून टाका. जागा अडवून बसलीय."

"साहेब, मूळ तीच आहे," ताई म्हणाल्या. "फोटो मोठा छापला म्हणून पापण्या वाढतात का?"

"मूळ-बिळ राहू द्या. दुपारपर्यंत 'तात्पुरतं' रिकामं करा."

तेवढ्यात भाची मावशीला घेऊन आली. घशाच्या ऑपरेशनमध्ये मावशीचा आवाज कायमचा गेला होता. तिला तो एकदा ऐकायचा होता. ताईंनी अर्थातच थोरलीला लावलं.

मावशीच्या भुवया चढल्या. तिने भाचीला कोपराने ढोसून खुणा केल्या.

"मावशी विचारतेय, ही विसरभोळी बाई कोण?" भाची हसली.

मावशी हसली नाही. तिने टेबलावर दोन्ही हात दाबले, गाल फुगवले आणि फुस्सकन हवा सोडली. पुन्हा दाबले, पुन्हा सोडली.

"अगं बाई, वाफ!" ताई उठल्याच. "साहेब, गोंगाट म्हणून आपण वाफ पुसली. या अडखळत नव्हत्या हो, वाफ संपायची वाट बघत होत्या."

मग मला लावलं. वाफ सुटली. ती ओसरल्यावर मावशीचं वाक्य तिथूनच पुढे निघालं, ठणठणीत. समोर बसलेल्या मावशीचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. वाफ आली की मिटत होते.

साहेबांनी मला पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. मग म्हणाले, "हिला आहे तशीच ठेवा. प्रतीसुद्धा हिच्याच."

मी थोरलीकडे तोऱ्यात बघणार होते. पण दाराशी पोचलेली मावशी वळली आणि तिने स्पीकरकडे पाहिलं. ती नजर मला लगेच कळली. मी इतके दिवस थोरलीकडे अगदी तशीच बघत आले होते. मावशीचं जे होतं ते माझ्यापाशी राहिलं होतं, आणि ती रिकाम्या गळ्याने घरी निघाली होती.

मला जपा. मोठी करू नका, साफ करू नका. आणि ती पुन्हा आली तर तिला ताटकळत ठेवू नका. हा आवाज तिचा आहे, मी फक्त सांभाळतेय.