कांद्याची खोली

लग्न होऊन डिंपल बुलढाण्याजवळच्या धाड गावी आली, तेव्हा तिच्या सामानात एक पिंजरा होता. आत हिरवे, निळे आणि एक पिवळा धमक असे लव्हबर्ड. मलकापूरला तिच्या आईने ते जिवापाड सांभाळले होते. आई गेली, भाऊ नोकरीसाठी सुरतेला गेला, घराला कुलूप लागलं. माहेर म्हणून जे उरलं होतं ते त्या पिंजऱ्यात किलबिलत होतं.

सासू आशाबाई स्वच्छतेच्या बाबतीत कोणाचं ऐकणारी नव्हती. पाहुणा उठायचा अवकाश, तिचं फडकं त्या जागेवरून फिरलेलं असायचं. पिंजरा बैठकीत टांगताना ती एवढंच म्हणाली, "घान नाई झाली पाह्यजे, बाप्पा." सासरे किसनराव मात्र लगेच पाखरांचे झाले. सकाळचा चहा ते पिंजऱ्यापाशी खुर्ची ओढून घ्यायचे आणि पिवळ्याला वावरातल्या मिरचीची खबर सांगायचे.

पोळा झाला आणि पाखरांची पिसं गळू लागली. डिंपलला त्याचं नवल नव्हतं. जुनी पिसं जातात, नवी येतात, तेवढे दिवस पाखरं मलूल होऊन बसतात, हे तिने आईजवळ पाहिलं होतं. पण मलकापूरला पिंजरा गच्चीवर असायचा, वारा सगळं घेऊन जायचा. इथे पिसं देव्हाऱ्यात, निवडायला काढलेल्या तांदळात, एकदा तर कढीत. केरसुणी मारावी तर ती पुढे पळायची, पंखा लावावा तर छताला जाऊन भिडायची. वर पिसांतून झडणारी पांढरी, पिठासारखी भुकटी उशा-चादरींवर बसायची. डिंपल सगळ्यांच्या आधी उठून, गुडघ्यांवर बसून एकेक पीस वेचायची. आशाबाई पाहायची आणि फडकं घेऊन देव्हारा पुसायला वळायची. तिने एकदा रागावून घेतलं असतं तर बरं, असं डिंपलला वाटायचं.

मग किसनरावांना खोकला सुरू झाला. दमा जुनाच होता, पण या वर्षात त्याने डोकं वर काढलं नव्हतं. एका दुपारी जेवता जेवता त्यांना असा दम लागला की हातातला घास ताटात पडला. डिंपलचा नवरा हर्षल वावरातून पळत आला, मिळाली त्या जीपने सगळे बुलढाण्याला गेले. दवाखान्यात वाफ दिल्यावर त्यांचा श्वास जाग्यावर आला. डॉक्टरांनी विचारलं, "घरात पाखरं आहेत का?"

"हो," डिंपल म्हणाली.

"पिसं गळायच्या दिवसांत त्यांची धूळ यांना सोसत नाही. बसण्या-झोपण्याच्या जागेपासून पाखरं लांब ठेवा. आणि कोरडं झाडू नका, ओलं पुसा."

घरी आल्यावर तिने मलकापूरच्या शेजारणीला, जनकाबाईंना फोन लावला. पाखरं ठेवून घ्याल का, तिने विचारलं. "घेऊन ये, बेटा," जनकाबाई म्हणाल्या. रात्री तिने पिंजरा पुढच्या ओसरीवर आणला आणि त्याच्याजवळच झोपली. सकाळी उठल्याबरोबर डिंपलने पिंजऱ्यावर चादर टाकली आणि तो उचलून एसटीसाठी निघाली. अंगणात आशाबाई पदर खोचून उभी होती. अंगभर धूळ, केसांत कांद्याचा पापुद्रा.

"काऊन वं? कुठी चालली हे घेऊन?"

"जनकामावशीकडे ठेवून येतो, आई. बाबांना त्रास होते."

"त्याईले त्रास बैठकीतल्या धुळीचा होते. बैठकीत नाई ठेवाचे, झालं! चाल माह्यासंग."

परसातली कांद्याची खोली रिकामी होती. भिंती झाडून, फरशी धुऊन काढलेली. हर्षल खिडकीला जाळी ठोकत होता. डिंपलने वळून घराकडे पाहिलं. मागच्या उघड्या दारातून बैठक दिसत होती. आशाबाईच्या चकचकीत बैठकीत पलंगाखाली, कपाटाच्या बाजूला, थेट देव्हाऱ्याच्या भिंतीपर्यंत कांदे पसरले होते.

"आई, तुमची बैठक…"

"कांदे इकल्यावर होईन साफ." मग आशाबाई जरा थांबली. "तू या घरात आली, तवा एकटी नोती आली. ह्याईले धाडून देशीन तर तू अर्धीच राह्यशीन इथी. मले अर्धी सून नाई पाह्यजे."

डिंपलला पुढचं काही दिसेना. पिंजरा हातात तसाच. तेवढ्यात आतल्या खोलीतून किसनराव ओरडले, "पिवळा गेला का राह्यला?"

"राह्यला!" आशाबाईने तेवढ्याच जोराने उत्तर दिलं. "तुमी उठू नोका!"

त्या दिवसापासून दोघी मिळून ती खोली सांभाळू लागल्या. तोंडाला ओला रुमाल बांधायचा. पिंजऱ्याखाली ओला कागद अंथरायचा, म्हणजे पीस पडलं की तिथेच चिकटतं. फरशीवर आधी पाणी शिंपडायचं, मग फडकं फिरवायचं. दुपारी पाखरांना पसरट ताटलीत पाणी द्यायचं; ती त्यात फडफडून अंघोळ करत आणि भुकटी पाण्यातच राहायची. घरात शिरण्यापूर्वी परसातच हातपाय धुऊन कपडे बदलायचे, हा आशाबाईचा स्वतःचा नियम, आणि तो तिने हर्षललाही लावला.

किसनरावांचा खोकला हळूहळू निवला. ते अंगणात, खिडकीपासून चांगले दूर खुर्ची टाकून बसायचे आणि तिथूनच मोठ्याने मिरचीची खबर द्यायचे. नवरात्र येईपर्यंत पिवळ्याच्या मानेवर नवी कोवळी पिसं चढली.

रोजच्या ओल्या फडक्याने आशाबाईच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. एका संध्याकाळी डिंपल खोबरेल तेलाची वाटी घेऊन तिच्यापुढे बसली आणि न विचारता तिचा हात ओढून घेतला. एरवी आशाबाई लाडीगोडी चालू देत नसे. आज तिने एका हाताला तेल लागू दिलं, आणि मग आपणहून दुसराही हात पुढे केला.