कागदावरचा पूल

मी भाड्याची सायकल बोलतेय. रंग कधीकाळी हिरवा होता, ब्रेक पुढचा एकच लागतो. चेन उतरते, पण फक्त चढावर, आणि तीसुद्धा माणूस मनातून उतरला तरच.

आधी मी एका नर्सबाईंची होते. दांड्याला गुंडाळलेला कारखान्याचा कागद त्यांनी महिनाभर काढला नव्हता, इतका जीव! त्यांची बदली झाली आणि मी स्टेशनासमोरच्या सायकलवाल्याकडे आले. तेव्हापासून नदीकाठ बघायला येणाऱ्यांना फिरवते. उतारावर ही माणसं गाणी म्हणतात, चढ लागला की मला शिव्या देतात, जसा काही चढ मीच बांधलाय. काही जण मला पंक्चर करतात आणि गुपचूप भिंतीला टेकवून गाडी पकडतात.

गेल्या वर्षी पूर ओसरल्यावर एक काका आले. नुकतेच निवृत्त झालेले, खिशाला पेन्सिल.

"पुलावरून पलीकडे जाईन," ते म्हणाले, "आणि काठाकाठाने परत."

"कुठला पूल?" सायकलवाल्याने विचारलं.

काका हसले. "अहो, पस्तीस वर्षं ऑफिसात बसून ह्या खोऱ्याचे नकाशे काढलेत मी. पूल माझ्या हातचा आहे."

नकाशे काढले, पण नदी कधी पाहिली नव्हती! "आता डावीकडे विहीर," असं ते पुटपुटायचे आणि विहीर लागली की खुशीत माझी घंटी वाजवायचे. मला माणूस आवडला. त्या दिवशी चेन उतरली नाही.

मग रस्ता सरळ पाण्यात जाऊन संपला.

काकांनी मला झाडाला टेकवलं आणि पायीच काठ धुंडाळला. तासाभराने आले ते गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन. धक्क्यावर एक बाई नावेतलं पाणी उपसत होती.

"काका, काय हरवलं?"

"पूल."

बाई इतकी हसली की तिने डबा खाली ठेवला. "तो सरकारच्या नकाशात आहे हो! आम्ही तीनदा अर्ज केला. तिन्ही वेळा उत्तर आलं, तुमच्या गावाला पूल आहे. चला, बसा."

मला नावेत आडवी टाकली. नदीच्या मध्यावर बाईचं हसू मावळलं. "पूर आला तेव्हा पोरीची बारावीची फेरपरीक्षा होती. नाव काढता येईना. ती आमच्या काठावर रडत बसली, वर्ष गेलं. ज्या मेल्याने तो पूल काढला ना, तो एकदा भेटायला पाहिजे."

काकांनी माझं हॅंडल घट्ट धरलं. त्यांना इथे कुणी ओळखत नव्हतं. गप्प बसले असते तर कुणाला पत्ता लागला असता? मला वाटलं, हेसुद्धा भिंतीला टेकवून जाणार.

नाव काठाला लागली. काका उतरले नाहीत.

"तो मेला मीच," ते म्हणाले. "मोजणीवाल्याने पेन्सिलीने रेघ मारली होती. पेन्सिल म्हणजे व्हायचा पूल, शाई म्हणजे झालेला. त्या दिवशी मला घरी जायची घाई होती. मी सगळंच शाईने ओढलं."

बाईने वल्हं नावेत आडवं ठेवलं. मला तिची भीती वाटली आणि काकांची दयाही आली.

"मला नका सांगू," ती शेवटी म्हणाली. "पोरीला सांगा."

मुलीने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडली नाही. आतून वही आणली. "लिहून द्या. खाली सही करा."

काकांनी नकाशावर लिहितात तशा सुबक अक्षरांत चूक लिहून दिली. मग वर्षभर येत राहिले, माझ्यावरून, नावेतून, पायी. नदीची रुंदी दोरीने मोजली, जुन्या ऑफिसात खेटे घातले. ज्यांना काम शिकवलं होतं त्यांनीच त्यांना बाकावर बसवून ठेवलं. काका बसून राहिले.

ह्या वर्षी नवा नकाशा निघाला. पूल गायब, त्या जागी बारीक ठिपके आणि एक शब्द: नाव. पूल गेला म्हणून आनंदाने नाचणारं गाव मी पहिल्यांदाच पाहिलं. चौथा अर्ज गेलाय, मुलीच्या अक्षरात, सोबत नकाशा जोडून.

काकांनी मला सायकलवाल्याकडून मागून घेतलं आणि मुलीला दिलं. स्टेशनाच्या बाजूच्या धक्क्यावर मी उभी असते. ती नावेने येते आणि माझ्यावरून पुढे जाते. ह्या वेळी परीक्षेला आम्ही तासभर आधी पोचलो.

टायर झिजलेत, सीटमधून काथ्या डोकावतोय. पूल होईल तेव्हा मी असेन की नाही, कोण जाणे. असलेच, तर पहिलं चाक माझं असू द्या, एवढंच मागणं आहे. आणि तुमच्यापैकी कुणी नकाशे काढत असाल, तर शाई उघडण्याआधी एकदा इथवर या. मी चेन उतरू देणार नाही.

काका अजूनही येतात. धक्क्यावर माझ्याशेजारी उभे राहतात आणि पाण्यावरच्या रिकाम्या जागेकडे बघत राहतात. मग पलीकडून नाववाली हाक मारते, "काका, सापडला का पूल?"

"नाही अजून," काका ओरडतात, आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून नावेची वाट बघतात.