सव्वासहाचा रिपोर्ट

मी दिवसभर एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते आणि फावल्या वेळात, फुकटात, नागपूरच्या नंदनवनमधल्या आमच्या बुद्धविहाराचा. फुकटच्या कामात माणूस जरा जास्तच शहाणपणा करतो, हे मला त्या रविवारी कळलं.

सकाळीच संघपालभाऊंचा फोन आला. "मेघा, तो डबा टक् टक् करून राहिला वं. एकही फाईल उघडत नाही."

संघपालभाऊ शाळेत शिकवतात. सहा वर्षांपासून त्यांना एकच नाद: छप्पन सालच्या धम्मदीक्षेला जी माणसं हजर होती, त्यांच्या घरी जाऊन त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायचं. सत्तेचाळीस माणसं झाली होती. त्यांतली एकोणतीस आता नाहीत. ते सगळे आवाज विहाराच्या सर्व्हरवर, एकाच मोठ्या डिस्कवर होते, आणि ती डिस्क मेली होती. मूळ रेकॉर्डिंग? "सर्व्हरवर चढवलं की रेकॉर्डरचं कार्ड रिकामं करत जा," असं त्यांना मीच ठणकावून सांगितलं होतं.

मी पोचले तेव्हा ते रिकामं कार्ड हातात घेऊन खुर्चीत बसले होते. रागावले असते तर बरं झालं असतं.

"ताराचंदभाऊनं काही तरी सोय केली असंल ना?" एवढंच म्हणाले.

ताराचंदकाका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. सर्व्हर त्यांनीच बसवला. गेल्या दिवाळीत आजारी पडले तेव्हा माझ्या हवाली केला आणि जानेवारीत गेले. एक्स्चेंजमधली त्यांची एक सवय शेवटपर्यंत सुटली नाही. पाळी संपली की रजिस्टरमध्ये लिहायचं, आणि काही घडलं नसेल तर 'काही घडलं नाही' असं लिहायचं. तेच त्यांनी सर्व्हरला शिकवलं: रोज संध्याकाळी सव्वासहाला त्यानं स्वतःच्याच पेटीत एक मेल टाकायची. ती वाचायला 'मट' नावाचा एक जुना प्रोग्रॅम ठेवला होता. काळा पडदा, नुसती अक्षरं, ना चित्र ना बटण. मी त्यांच्या तोंडावर हसले होते, आणि ताबा मिळाल्याच्या पहिल्याच दिवशी मट काढून टाकला. कमी सामान, कमी कटकट.

तेव्हापासून मी लॉगिन केलं की सर्व्हर म्हणायचा, तुमच्यासाठी नवीन मेल आहे. आमच्या धंद्यात ही ओळ कोणी वाचत नाही. रोज येणाऱ्या भंगारवाल्याच्या आरोळीसारखी ती आपण कानाआड करतो. त्या रविवारी मात्र मी ती वाचली.

नशिबानं सर्व्हरची स्वतःची यंत्रणा दुसऱ्या, लहान डिस्कवर होती, त्यामुळे तो चालू होता. पेटीची फाईल तशीही उघडता आली असती, पण अकरा महिन्यांच्या मेल एकीला एक चिकटलेल्या, कुठं काय ते शोधत बसावं लागलं असतं. मटच हवा होता. इन्स्टॉल करायला गेले तर सर्व्हर म्हणे, हे मिळत नाही. सर्व्हर ज्यावर चालतो ती आमची उबंटू इतकी जुनी की प्रोग्रॅम मिळायची तिची दुकानंच बंद झालेली! जुन्या आवृत्त्या जिथं साठवून ठेवतात तिथला पत्ता शोधला, टाकला, एक अक्षर चुकलं, पुन्हा टाकला.

"जमून राहिलं का वं?"

"भाऊ, दोन मिनिटं बोलू नका."

मग ओळी सरसर धावल्या. बसवू का, असं त्यानं विचारलं. मी वाय, म्हणजे 'हो', दाबलं.

मटला मी उगाच नावं ठेवली होती. पडद्यावर शिस्तीत यादी उभी राहिली, न वाचलेल्या तीनशे तीस मेल. लिपी इंग्रजी, पण भाषा मराठी, काकांचीच: "आजचा रिपोर्ट. सर्व फाईली जरीपटक्याला पोचल्या."

संघपालभाऊ ताडकन उभे राहिले. "जरीपटक्याले तं त्यायचं घर आहे!"

नक्कल त्याच इमारतीत ठेवायची नाही, हाही काकांचा एक्स्चेंजचाच नियम असणार. मी हुश्श केलं आणि यादीत खाली गेले. अठरा मार्चपासून विषय बदलला होता. "जरीपटका लागत नाही." "जरीपटका लागत नाही." सहा महिने, रोज सव्वासहाला, सर्व्हर मला हेच सांगत होता. मला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती.

जरीपटक्याला वच्छलाकाकूंनी दार उघडलं. नकला साठवायचा काकांचा डबा कपाटाखाली होता, धुतलेल्या लुगड्यात नीट गुंडाळलेला.

"उन्हाळा लागला, कूलरले प्लग नव्हता, म्हणून काढला," काकू म्हणाल्या. "काही बिघडलं का गा?"

नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर आणि डबा यांतून कोणीही कूलरच निवडेल. डबा पुन्हा लावला. हिरवा दिवा लागला. पहिली फाईल उघडली तर कोणी म्हातारे खोकून म्हणाले, "सुरू झालं का गा?" संघपालभाऊ मोठ्यानं हसले आणि मग चष्मा काढून डोळे पुसू लागले. माझ्या जिवात जीव आला.

फाईली मोजल्या. शेहेचाळीस. नव्हती ती एप्रिलमधली, प्रयागबाईंची. त्यांचं वय अठ्ठ्याऐंशी, आणि एप्रिलनंतर भाऊ त्यांच्याकडे गेलेच नव्हते.

आम्ही तसेच नंदनवनला परत निघालो. प्रयागबाईंच्या गल्लीत शिरताना मी एवढंच बघत होते, दारापुढं चपलांची गर्दी तर नाही ना.

प्रयागबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. मी त्यांच्या पायाशी बसले आणि रडलेच.

"काहून रडते वं पोरी?"

"आजी, तुमचं सगळं बोलणं माझ्यामुळं गेलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भाऊंकडे. "गेलं तं गेलं. मी तं आहो ना." मग दाराकडे एक नजर टाकून आवाज खाली आणला. "तवा सून समोर बसली होती, मी चांगलं चांगलंच सांगतलं. आता ते बजारात गेली. खरं ऐका."

भाऊंनी रेकॉर्डर काढला. तो खरंच चालू आहे ना, हे मी दोनदा पाहिलं.