मुकादमाच्या चमच्याला बाधा

जेवणाच्या सुट्टीत इस्त्रीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. इस्पितळाच्या तळघरातल्या आमच्या धुलाईघराच्या सगळ्या बाया डबे न उघडताच तिथे जमल्या होत्या. प्रत्येकीच्या मुठीत रुमालात गुंडाळलेला आपापला कप. चहाचा नव्हे, पाळीत वापरायचा, सिलिकॉनचा. वरच्या मजल्यावरच्या सिस्टरने तो सगळ्यांना वाटला होता आणि वापरायचा कसा, स्वच्छ कसा ठेवायचा, हेही सांगितलं होतं. त्यातलं वापरायचं तेवढं आमच्या लक्षात राहिलं.

पालथ्या घातलेल्या कपड्यांच्या टोपलीवर निर्मळमाई बसल्या होत्या. पुढ्यात तामचिनीचं पांढरं पातेलं, त्यात पिवळं पाणी.

"बायांनो, हा कप तुमच्या आतलं सगळं ऐकतो," माई म्हणाल्या. "तुमचे हेवेदावे, सासूला मनात दिलेल्या शिव्या, सगळं त्यात साठतं. मग जळजळ होणार नाही तर काय होईल?"

सासूचं नाव निघाल्यावर निम्म्या बाया खाली बघायला लागल्या. माईंचा नेम चांगला होता.

एकीने कप पाण्यात सोडला. पिवळं पाणी बघता बघता लालभडक झालं. खोलीतल्या बाया एकदम मागे सरकल्या. माईंनी शांतपणे उताऱ्याची पुडी काढून वरून भुरभुरवली. पाणी फसफसलं आणि पुन्हा पिवळं झालं.

"गेली बाधा. आवाज ऐकलात ना? जाताना कुरकुरते."

आमच्या डोक्यावर दोन मजले चढून गेलं की बायकांची डॉक्टरीण बसते, आणि आम्हाला फुकट तपासते. पण ती फसफसत नाही, त्यामुळे तिच्याकडे कुणी जात नव्हतं.

मीही गप्प बसले असते. माई मुकादमाच्या मेहुणी, आणि मुकादमाशी वाकडं घेऊन धुलाईघरात दिवस काढणं सोपं नाही. पण माझी धाकटी जाऊ त्यांच्या नादी लागली होती. ती आमच्यातच डाग काढायच्या टेबलावर काम करते. वासाच्या साबणाने कप धुऊन धुऊन तिला आधी थोडी खाज सुटली. माईंनी सगळ्यांसारखी तिलाही शुद्धीची भुकटी दिली. रात्री कपाला चोळायची, दुसऱ्या दिवशी माईंच्या पाण्यात उतारा करायचा, आणि कप न धुता तसाच वापरायचा. आता तिला धड बसवत नव्हतं. डॉक्टरचं नाव काढलं की ती रडायला लागायची, कारण माईंनी सांगून ठेवलं होतं की औषध घेतलंस तर बाधा उलटेल आणि कूस कायमची बंद होईल. तिला मूल हवं होतं. नेमकी तिथेच माईंनी मान धरली होती.

त्या संध्याकाळी ती मोरीपाशी कपाला भुकटी चोळत होती. खाली माझी जेवणाची खरकटी ताटली पडली होती, कडेला हळदीचा ओघळ. भुकटी सांडली आणि ओघळ लाल झाला. हळदीच्या डागांवर तो लाल रंग मी जन्मभर बघत आले आहे. मला आधी हसू आलं आणि मग असा संताप आला की मी ताटली उचलून तिच्या नाकासमोर धरली.

"अगं, माईंच्या पाण्यातही हीच हळद आहे. आणि ही भुकटी म्हणजे आपला धुण्याचा सोडा."

"ताई, तुम्ही कशालाच मानत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला दोन मुलं आहेत. तुमचं काय जातंय?"

दुसऱ्या दिवशी मीही रुमाल घेऊन माईंच्या रांगेत उभी राहिले.

आधी मी माझा कप सोडला. पाणी पिवळं ते पिवळंच राहिलं.

"पुण्यवान आहेस," माई म्हणाल्या.

"कसली हो पुण्यवान, आळशी आहे. तुमची भुकटी लावलीच नाही. नुसता उकळून आणला." मग मी रुमालातून चमचा काढला. "याला मात्र लावली आहे."

चमचा पाण्यात बुडाला आणि पाणी लाल झालं.

"मुकादमसाहेबांच्या चहाचा चमचा आहे," मी म्हटलं. "याला पाळी कधीपासून यायला लागली, तेवढं बघा."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मुकादम दारातच उभा होता. तो चमच्याकडे असा बघत राहिला की जणू घरातलं कुणीतरी बिघडलं आहे.

माई तयारीच्या होत्या. "धातूही बाधा धरतो. थट्टा करा, करा. भोगायचं मात्र हिला आहे," असं म्हणून त्यांनी धाकटीकडे बोट केलं. हसू थांबलं. धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला आणि ती उठून निघून गेली. माझा डाव फसला, असंच मला वाटलं.

ती परत आली तेव्हा तिच्या हातात एक उशीचा अभ्रा होता. कुणा रुग्णाने त्यावर जेवण सांडलेलं, पिवळा डाग. तिने तो ओला केला आणि माईंच्याच पुडीतली शुद्धीची भुकटी वर टाकली. डाग लाल झाला.

"हे तर मी रोज करते," ती हळूच म्हणाली.

मग तिने उताऱ्याची पुडी उचलली आणि कणभर जिभेला लावली. "लिंबूसत्व. इस्त्र्यांमधला क्षार काढतो ना आपण, तेच. सोड्यावर पडलं की फसफसणारच. माई, माझ्या कुशीबद्दल तुम्हाला काय माहीत होतं?"

माई टोपलीवरून उठल्या आणि मेहुण्याला बाजूला सारून बाहेर पडल्या. पातेलं तिथेच राहिलं.

मी धाकटीला तशीच वर घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि कपाळाला हात लावला. "सोड्याने कातडी सोलवटली आहे. मलम देते. बरं होईपर्यंत कप नको. आणि कूस याने बंद होत नाही, कुणी सांगितलं तुला?" तेव्हा कुठे धाकटी मोकळेपणी रडली, आणि मीसुद्धा.

मग डॉक्टरीणबाई स्वतःच खाली आल्या. आधी हात धुवा, म्हणाल्या. कप साध्या पाण्याने धुवा, कडेची बारीक भोकं दाबून मोकळी करा. पाळी संपली की वेगळ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन काही मिनिटं उकळा, तळाला चिकटू देऊ नका. पूर्ण वाळवा आणि हवा लागेल अशा कापडी पिशवीत ठेवा. वासाचा साबण नको, ब्लीच नको, सोडा तर नकोच. त्रास झाला तर कप काढा आणि वर या. एवढंच होतं. सिस्टरनेही हेच सांगितलं होतं.

वेगळं पातेलं कुठून आणायचं, हा प्रश्न पडला नाही. माईंचं तामचिनीचं होतंच. घासून लख्ख केलं, आता कप त्यातच उकळतात.

आम्ही मूर्ख नव्हतो. डाग चादरीवर असता तर एकीलाही फसवता आलं नसतं. पण गोष्ट स्वतःच्या अंगाची आली की आपण आवाज खाली आणतो, विचारायला लाजतो आणि पटकन घाबरतो. जिथे कुणी विचारत नाही तिथे माईंसारखी माणसं टोपली टाकून बसतात. म्हणून लाजू नका, विचारा, डॉक्टरकडे जा. आणि कुणी चमत्कार दाखवलाच, तर हात जोडण्याआधी त्यात एक चमचा बुडवून बघा.