खालून वर

सरकारी छापखान्यात सगळे जिला मामी म्हणायचे ती आणि मी एकोणतीस वर्षं एकाच टेबलाशी समोरासमोर बसलो. ती मूळ कागद मोठ्यानं वाचायची, मी छापील प्रुफावर नजर ठेवायचे. आकड्यांचा तक्ता असला की वरून खाली झाल्यावर पुन्हा खालून वर वाचायचा. वरून येताना मन पुढचा आकडा आधीच म्हणून मोकळं होतं. खालून त्याला ती सोय नसते. शेवटी मी म्हणायचे, "झालं गं," आणि मामी न बघता सही ठोकायची.

आम्ही काही संत नव्हतो. दुपारी डुलक्या काढायचो, साहेबाच्या नकला करायचो, एक पत्रक तर तीन महिने कपाटात विसरलो होतो. म्हणूनच सरकारनं आपली छपाई खासगी छापखान्यांना खुली केली तेव्हा मी फारशी कुरकुर केली नाही. चढाओढीनं सुस्ती जाईल, असंच वाटलं. पुतण्यानं छापखाना काढला तेव्हा फीतही मीच कापली.

गेल्या महिन्यात तो आरोग्य खात्याची पुस्तिका घेऊन आला. लहान मुलांना वजनाप्रमाणे तापाचं औषध किती द्यायचं, याचा तक्ता होता तिच्यात.

"काकू, इथे सही कर. अनुभवी मुद्रितशोधकाची लागते म्हणे."

"न वाचता? आणि मूळ कागद कुठंय?"

"कॉम्प्युटरनं तपासलंय गं. तू कशाला डोळे फोडून घेतेस?"

सून नुकतीच ड्युटीवरून आली होती. मुलांच्या वॉर्डात नर्स आहे ती. तिला म्हटलं, तक्ता वाच. वरून खाली सगळं सुरळीत गेलं.

"आता खालून."

"आई, चहा तरी घेऊ द्या. बरं. वीस किलो, दहा मिली. अठरा किलो, दहा मिली..."

"थांब."

तिनं पिशवीतून वॉर्डातली जुनी पुस्तिका काढली आणि तिचा चेहराच उतरला. औषधाच्या आकड्यांचा रकाना एक घर वर सरकला होता, शेवटचा आकडा दोनदा आला होता. प्रत्येक बाळाला त्याच्याहून मोठ्या बाळाचं औषध.

"एका ओळीचा तर फरक," पुतण्या म्हणाला. "पुस्तिका छापून, बांधून झाल्यात. शुद्धिपत्राची चिठ्ठी घालतो आत."

"त्या चिठ्ठ्या पहिल्यांदा पुस्तक उघडताच खाली पडतात. झाडूवाली गोळा करते त्या. मी सही करणार नाही."

"सरकारी सवय! अडवून ठेवायचं नुसतं." कागद उचलून तो निघून गेला.

आठवड्यानं सुनेनं वॉर्डात आलेली नवी पुस्तिका माझ्यापुढे टाकली. तोच तक्ता. चिठ्ठीसुद्धा नाही. आणि शेवटच्या पानावर मामीच्या सहीचा शिक्का.

मी तडक मामीकडे गेले. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माझ्या आवाजावरूनच ओळखलं तिनं.

"सही कशी केलीस गं?"

"तुझा पुतण्या आला होता की. म्हणाला, काकूचं झालंय." ती हसली. "तू झालं म्हटल्यावर मी कधी बघितलंय का?"

मला शिसारी आली. ही गंमत मीच त्याला जेवणाच्या पंगतीत दहादा सांगितली होती. घरातली वस्तू उचलावी तशी त्यानं ती उचलली आणि बाजारात नेली. त्या फीत कापलेल्या हाताचीही किळस वाटली.

"मामी, मी झालं म्हटलं नव्हतं."

मग सगळं सांगितलं. 

सुनेनं वॉर्डातल्या प्रती कुलपात ठेवल्या होत्या, पण बाकीच्या दवाखान्यांचं काय? तिनं खात्यात फोनही केला होता; तिथल्या माणसानं सांगितलं होतं, जिची सही तिनंच लेखी कळवलं तर वाटप थांबवू.

"लिही," मामी म्हणाली. मी लिहिलं: ही सही मी न वाचता केली, ती रद्द समजावी, पुस्तिका परत मागवाव्यात. खाली सोबत आणलेल्या जुन्या पुस्तिकेतून तक्त्यातले बरोबर आकडे उतरवले आणि पेन तिच्या हातात दिलं.

तिनं ते टेबलावर ठेवलं.

"आधी मोठ्यानं वाच. मग तक्ता खालून वर."