रोझलीचा 'एफ'

धाकट्या बहिणीच्या नशिबी थोरलीचं उरलंसुरलं, हे जोलीनला पासष्ट वर्षं पुरलं होतं. नेब्रास्कातल्या त्या एवढ्याशा गावात आईचे नक्षीचे कप रोझलीकडे गेले, चर्चच्या जत्रेत कोलाचेचं, म्हणजे फळं भरलेल्या गोड पावांचं, पहिलं बक्षीसही दरसाल तिलाच. आणि आता 'एफ'सुद्धा.

मेडिकेअर, म्हणजे पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्यविमा, औषधपाण्याच्या शंभरातले ऐंशी देतो. वरच्या विसांसाठी पुरवणी विमा आपला आपण घ्यायचा. त्याचे प्रकार अक्षरांवरून ओळखतात, त्यातला 'एफ' म्हणजे भरलेलं ताट. ज्येष्ठांच्या जेवणाला रोझली ते अक्षर दागिन्यासारखं मिरवायची. जोलीनचा नुसता जळफळाट व्हायचा.

जूनमध्ये पासष्ट पूर्ण झाली तशी ती तडक ग्रंथालयात बसणाऱ्या विमासल्लागार बाईंकडे गेली.

"मला एफ द्या."

"तो तुमच्या वयाच्यांना बंद झालाय. त्याऐवजी 'जी' घ्या. वर्षाला डॉक्टरांच्या बिलातली पहिली थोडी रक्कम तुम्ही भरायची, बाकी सगळं तेच. फक्त सहा महिन्यांच्या आत घ्या. तोवर तब्येतीचा एकही प्रश्न विचारता येत नाही कंपनीला. नंतर खोदून खोदून विचारतात."

रोझलीपेक्षा एक अक्षर कमी? छे! जोलीननं दुसराच चकचकीत कागद उचलला, मेडिकेअरऐवजी खासगी कंपनीकडून घ्यायच्या योजनेचा: हप्ता नाही, दात फुकट, व्यायामशाळा फुकट. डॉक्टर मात्र त्यांच्याच यादीतले, आणि ओमाहा शहरातलं हृदयाचं इस्पितळ त्या यादीत नव्हतं. पुढे जुलैत गावातल्या डॉक्टरांनी तिची छाती तपासून "ओमाहाला दाखवून या" म्हटलं. हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. पण फुकट दात ऐकून रोझलीचं तोंड कसं होईल, या एका विचारात तिनं त्या कागदावरचा अख्खा अर्ज भरून टाकला. सही तेवढी राहिली.

ऑगस्टमधल्या एका दुपारी रोझली जर्दाळूचे कोलाचे घेऊन आली. जोलीननं ताटलीच्या आधी कागद पुढे केला.

"बघ. माझे दात फुकट!"

रोझली खुर्चीत बसली ती एकदम थकल्यासारखी. "जो, माझा जीचा अर्ज नाकारला."

"तुला कशाला हवा जी? तुझा एफ आहे ना!"

"एफमध्ये नवं माणूस येत नाही, उरलो आम्ही म्हातारेच. हप्ता चढतच चाललाय. म्हणून जी मागितला, तर हृदयाचं औषध चालू आहे म्हणून नाही म्हणाले."

"हृदयाचं? कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. आणि तू! तुझे सहा महिने अजून संपले नाहीत, तुला कुणी एक प्रश्न विचारणार नाही, आणि तू दात कसले मोजत बसलीस? खरं सांगू? जळते गं मी तुझ्यावर."

हे ऐकायला जोलीन जन्मभर थांबली होती. बरं वाटलं तिला, खोटं कशाला बोला. पण हातातला कोलाचे काही तोंडापर्यंत जाईना.

"रोझी, मलाही ओमाहाला जायला सांगितलंय," ती म्हणाली. "हृदयच आहे."

रोझलीचे डोळे भरून आले, पण जीभ ती जीभच.

"मेले! माझं जे जे असेल ते तुला हवंच का गं?"

मग तिनं तो चकचकीत कागद टराटरा फाडला आणि गाडीची किल्ली उचलली.

"ऊठ. ग्रंथालय पाचला बंद होतं."