पुढच्या घरासाठी घेतलेली शोकेस

मित्रांनो, मी एक जुनी शोकेस आहे. शोकेस म्हणजे काय, असं विचारणाऱ्यांना मी दोष देत नाही. तुमच्या घरात आता भिंतीला नुसता टीव्ही चिकटवलेला असतो आणि त्याच्याखाली वायरींचा गुंता. आमच्या काळी माणसं आपल्याकडे काय काय आहे ते काचेमागे मांडून ठेवायची, आणि त्याला हात लावणाऱ्या पोराच्या पाठीत धपाटा घालायची. त्या काचेच्या उंच कपाटाला शोकेस म्हणत. वर काचेची दारं, खाली लाकडी कप्पे, आणि रुंदी इतकी की मला उचलायला आलेला प्रत्येक हमाल आधी मालकांकडे बघायचा आणि मग आभाळाकडे.

मला एका सुताराने एका वकिलाच्या दिवाणखान्यासाठी घडवलं. पॉलिशचा हात फिरवताना तो माझ्याशी गोड गोड बोलायचा. वकिलीणबाईंनी मात्र माझा रंग पाहून नाक मुरडलं आणि मी सुताराच्या दुकानातच पडून राहिले. तिथे मला आमचे मालक भेटले. ते एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. आज न लागणारी वस्तू उद्यासाठी जपून ठेवायची, हे त्यांचं काम. दुर्दैवाने ते काम ते घरीही घेऊन यायचे.

लग्न नुकतंच झालेलं, राहायला भाड्याची एक खोली, आणि हा शहाणा शोकेस बघतोय! मला वाटलं, चुकून आत आला असेल, खुर्ची-बिर्ची घेऊन जाईल. पण नाही. त्याने माझ्या काचेवर टिचकी मारली आणि सुताराला सांगितलं, "आत्ता खोली लहान आहे हो. पण पुढच्या घरात शोभेल."

'पुढच्या घरात.' मित्रांनो, हे दोन शब्द ध्यानात ठेवा. एका माणसाचं डोकं किती वर्षं एकाच जागी अडकून राहू शकतं, ते तुम्हाला आता कळेलच.

त्या खोलीला एकच खिडकी होती आणि खिडकीखाली बाईंचं शिवणयंत्र. बाई म्हणजे मालकांची बायको. त्या घरी बसून शाळेचे गणवेश शिवायच्या. गडद निळं कापड, त्यावर गडद निळा दोरा. उजेड नसेल तर टाका कुठे गेला ते ब्रह्मदेवालाही दिसणार नाही. म्हणून ती खिडकी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. तिच्यासाठी त्यांनी पिवळ्या कापडाचे पडदे शिवले होते, खाली बारीक झालर लावून. टांगायचे तेवढे राहिले होते, आणि नेमकी मी आले.

मला वर चढवताना घरमालकीण जिन्यात उभी राहून ओरडत होती, "माझ्या भिंतीचा एक पोपडा जरी निघाला ना, तर गाठ माझ्याशी आहे!" खोलीत मला पुरेल अशी एकच भिंत निघाली, खिडकीची. शिवणयंत्र दाराजवळच्या कोपऱ्यात गेलं, बल्बखाली. मी खिडकीसमोर उभी राहिले आणि खोलीत भरदुपारी तिन्हीसांजा झाल्या.

"अहो, आणि मी शिवू कुठे?" बाईंनी विचारलं.

"दिवा आहे की! इथे काय आपण जन्म काढणार आहोत? पडदे ठेव आत. पुढच्या घरात लावू."

पडद्यांची घडी माझ्या खालच्या कप्प्यात गेली. तुम्ही म्हणाल, शोकेसबाई, खिडकी तर तुम्हीच अडवलीत. अहो, मला पाय आहेत ते टेकायला, चालायला नाहीत! जिथे ठेवलं तिथे मी उभी राहिले. अक्कल वापरायचं काम ज्यांच्या मानेवर डोकं होतं त्यांचं होतं.

माझ्या काचेमागे सोनेरी काठाचा कपबश्यांचा सेट होता. तोही पुढच्या घरासाठी. पाहुणे यायचे, कान तुटलेल्या कपातून चहा प्यायचे आणि माझ्यातल्या सोनेरी काठाकडे बघत म्हणायचे, "वा, काय शोकेस आहे!" मालकांची छाती अशी फुगायची की जणू मी त्यांच्याच बरगडीपासून बनले. त्या पाहुण्यांची मला कीव यायची. घोटभर चहा चांगल्या कपातून मागायची हिंमत नाही, आणि निघाले कौतुक करायला.

पुढे मुलगा झाला, मुलगी झाली. खोली पुरेना, तेव्हा दोन खोल्यांचं दुसरं भाड्याचं घर घेतलं. तिथेही मी खिडकीसमोरच. या खेपेला बाईंनी पडदे बाहेर काढून अंथरले, हाताने सुरकुत्या साफ केल्या, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा घडी घातली. मालक पेपर वाचत होते. पेपरमध्ये घरांच्या जाहिराती असायच्या आणि त्या ते अशा वाचायचे की समोरचं घर त्यांना दिसायचंच नाही.

मग स्वतःचा फ्लॅट घ्यायची वेळ आली. घर बघायला जाताना माणसं काय नेतात? बायकोला नेतात, मुलांना नेतात, फार तर एखादा अनुभवी काका नेतात. आमच्या मालकांनी मोजायची टेप नेली. माझी उंची आणि रुंदी त्यांना पाठ होती. बायकोच्या चष्म्याचा नंबर मात्र कधीच पाठ झाला नाही.

एक फ्लॅट बाईंना फार आवडला होता. कोपऱ्यावरचा, दोन बाजूंना खिडक्या असलेला. घरी आल्यावर त्या बोलतच सुटल्या. "सकाळचं ऊन इकडून, दुपारचं तिकडून. दिवा लावायचं नाव नको. यंत्र इथे ठेवीन, नाहीतर तिथे ठेवीन!" इतकं हसून बोलताना मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं.

मालक म्हणाले, "सगळ्या खिडक्याच आहेत गं. मग शोकेस कुठे ठेवायची?"

मित्रांनो, मी लाकडाची आहे. पण त्या क्षणी मलासुद्धा लाज वाटली, त्यांची. शेवटी त्यांनी दुसराच फ्लॅट घेतला. लिफ्टच्या बाजूचा, लांबच्या लांब कोऱ्या भिंतीचा. मी त्या भिंतीला अशी चपखल बसले की येणारे-जाणारे बघत राहायचे. बाकी सगळ्या घरात पाहिलं तर उजेड पाहुण्यासारखा यायचा, उंबऱ्यावरून डोकावून परत जायचा. बाईंचं यंत्र तिथेही दिव्याखाली.

मुलं मोठी झाली तशी मालकांना नवं खूळ लागलं. मुलाचं लग्न होईल, त्याला वरचा मजला. मुलगी माहेरी येईल, तिला वेगळी खोली. नातवंडं येतील, त्यांना अंगण. अजून कोणाचा पत्ता नाही आणि यांनी सगळ्यांच्या खोल्या वाटून टाकल्या! फ्लॅट विकला आणि गावाबाहेर दुमजली घर घेतलं. त्याच्या दिवाणखान्याला रस्त्याकडे एक थोरली खिडकी होती. बाई आत शिरल्या त्या सरळ तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मी अजून टेम्पोतच होते. मालकांनी हमालांना हाक मारली, "इकडे, इकडे! दारातून आल्या आल्या दिसली पाहिजे!"

अर्धी खिडकी मी झाकली. उरलेल्या अर्ध्या भागाला सोफ्याची पाठ लागली.

मुलाने काय केलं ठाऊक आहे? परगावी नोकरी धरली आणि म्हणाला, "बाबा, आम्ही भाड्यानेच राहणार. कंटाळा आला की जागा बदलायची." मुलगीही तिच्या संसारात गेली. ती यायची, पण सकाळी येऊन संध्याकाळी जायची. वरच्या मजल्यावर कोणी राहिलं असेल तर ती धूळ. ती झाडायला बाई गुडघे धरून जिना चढायच्या. मालक खालून विचारायचे, "मुलाची खोली झाडलीस का?" मुलाची खोली! मुलगा तिथे एका दमात आठवडाभरही राहिला नव्हता. आणि जेव्हा राहिला तेव्हा त्याने इंटरनेटचा डबा आणून माझ्या डोक्यावर ठेवला. माझी किंमत राहिली ती एवढीच.

मग एके दिवशी बाईंना सुईत दोरा ओवता येईना. डॉक्टर म्हणाले, वय झालं. घरी आल्यावर बाई सोफ्यावर बसल्या आणि खूप वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "मला लहान घर हवंय. एक झोपायची खोली, एक बसायची. आणि बसायच्या खोलीत खिडकी. जे काही दिसतंय, ते दिसेनासं व्हायच्या आत."

मालक हादरले. पण हादरलेला माणूस लगेच शहाणा होतो, असं कोणी सांगितलं? त्यांनी टेप शोधून काढली.

लहान घरं बघायला सुरुवात झाली. एजंट बिचारा "काका, काकू" करत रोज नवी जागा दाखवायचा. काका प्रत्येक जागेत शिरून भिंत मोजायचे आणि मान हलवायचे. शेवटी एक दिवस दोघं घरी आले ते मालक हसत आणि बाईंचा चेहरा दगडासारखा.

"बसते!" मालक मलाच सांगत असल्यासारखे म्हणाले. "शाळेसमोरचं घर. अगदी बरोबर बसते. खिडकी थोडी झाकली जाईल, पण बसते!"

बाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"अहो, एक सांगा. इतकी वर्षं आपण घर कोणासाठी बघत होतो?"

"असं काय विचारतेस? आपल्यासाठी."

"नाही. हिच्यासाठी." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिची उंची बघितलीत, हिची रुंदी बघितलीत. मी कुठे बसते, हे कधी बघितलंत? मी दिवसभर घरात असायची. तुम्ही संध्याकाळी यायचात, तेव्हा तसाही अंधारच असायचा. तुम्हाला काय कळणार होतं?"

"अगं, पण इतकी वर्षं सांभाळली तिला..."

"कोणी सांभाळली? रोज पुसली कोणी? तुम्ही फक्त दाखवलीत!" बाईंचा आवाज फाटला. "आता त्या घरात एक तर ही येईल, नाहीतर मी. टेप आहेच हातात. घ्या मोजून, कोण मावतंय ते."

मालकांच्या हातातली टेप सर्रकन आत गेली. मग ते म्हणाले, "सुताराला बोलावू का?" मला वाटतं, त्या माणसाने विचारलेला हा पहिला शहाणा प्रश्न.

सुतार आला आणि मला कापायला बसला. करवत फिरत असताना मालक अंगणात जाऊन उभे राहिले. रडत होते म्हणे. रडू देत. बाईंना मी दिव्याखाली डोळे पुसताना पाहिलं होतं, तेव्हा हे पेपर वाचत होते.

माझ्या काचा कोणी तरी नेल्या. राहिली माझी एक रुंद फळी. सुताराने ती नव्या घरात खिडकीखाली बैठक म्हणून बसवली. बाईंनी पिवळे पडदे काढले. घड्यांवर कापड कुजलं होतं, झालर हातात आली. पण ही खिडकी लहान. कुजका भाग कापून टाकला आणि मधलं चांगलं कापड बरोबर पुरलं. अखेर ते पडदे टांगले गेले, आणि लगेच दोन्ही बाजूंना सारून बांधले गेले. उजेड आत यायला नको का?

आता बाई माझ्यावर बसतात. समोर शाळेचं मैदान आहे, मुलं गणवेशात धावतात. बाई विचारतात, "निळाच आहे ना हो अजून?" त्यांना रंग नीट लागत नाही. मालक शेजारी बसून जीभ बाहेर काढून सुईत दोरा ओवतात. अख्ख्या कारखान्याचा साठा सांभाळलेला माणूस, पण दोरा दहादा चुकतो. मग म्हणतात, "निळाच आहे. तोच आहे, तू शिवायचीस तो." बाई हाताने चाचपून टाका घालतात. उजेड भरपूर आहे, मित्रांनो. तो बघायला डोळे होते, तेव्हा तो माझ्या पाठीमागे होता.

तेव्हा तुम्ही भाड्याची खोली घ्या, बंगला बांधा, नाहीतर म्हातारपणी दोन खोल्यांत जा. मला त्याचं काही सोयरसुतक नाही. फक्त घर बघायला जाल तेव्हा टेप खिशातच राहू द्या. त्या घरात दिवसभर कोण असणार, त्या माणसाला आधी आत बोलवा, आणि ते कुठे जाऊन उभं राहतं ते बघा. सामान नंतर आणा.

सोनेरी काठाचे कप आता रोज वापरात आहेत. मालक चहा पितात आणि ओला कप खुशाल माझ्यावरच ठेवतात. माझ्या पॉलिशवर गोल गोल डाग पडलेत. बाई ते पुसत नाहीत. मीही काही म्हणत नाही. पडू देत.